मूठ, मेख आणि लाख

शस्त्रांविषयीं लिहिणाऱ्यांची दृष्टि बहुधा पात्यावरच खिळलेली असते. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत खड्गाच्या लक्षणांना एक स्वतंत्र अध्याय दिला आहे. उत्तम खड्ग पन्नास अंगुळें लांब असावें, कनिष्ठ पंचवीस. पात्यावरील व्रण कितव्या अंगुळावर आला असतां धन्याला कोणतें फळ मिळतें. पात्याला पाणी कशाचें द्यावें. या सर्वांचा त्यानें बारकाईनें विचार केला. पण त्याचा सारा भर पात्यावर. कौटिल्य त्या मानानें व्यवहारी माणूस. आयुधागाराच्या प्रकरणांत त्यानें तलवारींचे प्रकार सांगून झाल्यावर मुठीसाठीं, म्हणजे संस्कृतांत जिला ‘त्सरु’ म्हणतात तिच्यासाठीं, कोणते पदार्थ घ्यावेत याची यादी दिली आहे: गेंड्याचें शिंग, म्हशीचें शिंग, हस्तिदंत, लांकूड आणि वेळूचें मूळ. मात्र या शिंगाशीं किंवा हस्तिदंताशीं पोलाद जोडावयाचें कसें, हें त्यानेंही सांगितलेलें नाहीं. तें काम ज्याचें होतें त्याला तें येत होतें, आणि ज्याला येत होतें त्याला लिहितां येत नव्हतें.

मला या लेखांत याच जोडासंबंधानें कांहीं सांगावयाचें आहे. विषय वरवर पाहतां क्षुल्लक आहे. परंतु थोडा विचार केला तर सुरीपासून तलवारीपर्यंत प्रत्येक धारेच्या हत्याराचें मर्म येथेंच आहे असें दिसून येईल. पातें आणि मूठ हे दोन वेगळ्या जातीचे पदार्थ आहेत. पातें कठीण, थंड, पातळ. हाताला तें धरवत नाहीं. मूठ मऊ, उबदार, जाड. तिला धार लागत नाहीं. या दोघांचा संसार ज्या जागीं होतो, त्याच जागीं सर्व ताण येऊन पडतो. हातभर पात्याच्या टोंकाशीं बसलेला आघात मुठीच्या मुळाशीं पोंचतो तेव्हां तरफेच्या नियमानें तो कितीतरी पटींनीं वाढलेला असतो. घरांतल्या कोयत्याचाच अनुभव पाहावा. नारळ सोलतां सोलतां कोयत्याचें पातें मोडल्याचें आपण क्वचितच ऐकतों. मूठ निसटल्याचें मात्र प्रत्येक घरानें पाहिलेलें असतें.

हा प्रश्न किती जुना आहे तें पाहावयाचें असेल तर युरोपांतील कांस्ययुगाकडे वळलें पाहिजे, कारण तेथील थडग्यांतून व दलदलींतून या जोडाचे नमुने जितके मिळाले आहेत तितके अन्यत्र क्वचितच मिळाले असतील. इंग्लंडांत स्टोनहेंजच्या प्रसिद्ध शिलावर्तुळाजवळ बुश बॅरो नांवाचा एक मातीचा ढिगारा आहे. सर रिचर्ड कोल्ट होर यांच्यासाठीं विल्यम कनिंग्टन यांनीं तो १८०८ सालीं खणला. आंत एका पुरुषाचा सांगाडा, सोन्याचे पत्रे आणि खंजीर मिळाले. एका खंजिराची लांकडी मूठ कुजून गेली होती. पण मजुराची थापी मातींत फिरली तशी त्या मातींतून सोन्याची बारीक चमचम चोहोंकडे उडाली. तीं सोन्याचीं टांचणें होतीं! प्रत्येक सुमारें एक मिलिमीटर लांब आणि केसासारखें बारीक. चौरस सेंटिमीटरला हजाराहून अधिक. साऱ्या मुठीवर मिळून अशीं सुमारें १ लाख ४० हजार टांचणें बसविलेलीं असावींत असा हिशेब करण्यांत आला आहे. एवढें सूक्ष्म काम प्रौढ डोळ्यांना साधणार नाहीं, तें लहान मुलांकडून करविलें असावें, असाही तर्क अलीकडे मांडला गेला आहे. त्या मुलांच्या डोळ्यांचें पुढें काय झालें असेल याचा विचार मनांत येऊन त्या सोन्याची शोभा थोडी कमी होते, हें सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. या लक्षावधि टांचणांपैकीं एकही पातें धरून ठेवीत नव्हतें. तें काम पात्याच्या मागच्या गोलट टोंकाशीं ठोकलेल्या चार-सहा साध्या खिळ्यांवर होतें. त्या काळचा खंजीर असाच असे: पात्याला शेंपूट नाहीं, त्याचा मागचा भाग अर्धवर्तुळाकार, त्यांत कांठाजवळ भोंकें, आणि लांकडाच्या किंवा शिंगाच्या मुठीला चीर पाडून तींत हा भाग बसवून आरपार खिळे. पातें वीतभर होतें तोंवर हें पुष्कळ होतें. खंजीर भोंसकण्याचें हत्यार. त्याचा जोर सरळ मागें मुठींत जातो आणि खिळ्यांवर फारसा भार येत नाहीं.

पुढें लोकांना लांब पातें हवेंसें झालें, आणि येथें मोठी गंमत झाली. इ.स.पूर्व १५०० च्या पुढेंमागें ब्रिटन व आयर्लंड येथील ओतारी अत्यंत सुंदर, निमुळतीं, लांबच लांब कांस्य पातीं ओतूं लागले. आयर्लंडांत लिसेन येथें सांपडलेलें एक पातें जवळजवळ ८० सेंटिमीटर लांब आहे. इतकें लांब आणि इतकें सडपातळ पातें ओतणें आजच्याही ओताऱ्याला सोपें जाणार नाहीं. पण मूठ जोडण्याची रीत तीच जुनी, खंजिराची! उलट पातें सडपातळ करण्याच्या भरांत खिळे कमी होऊन बहुधा दोनच राहिले, आणि तेही मागच्या भागाच्या अगदीं कांठाशीं आले. असल्या पात्यानें भोंसकण्याऐवजीं कोणी आडवा वार केला कीं सारा पीळ त्या दोन खिळ्यांवर. खिळा तुटत नसे. तुटे ती खिळ्याच्या आणि कांठाच्या मधली धातूची अरुंद किनार. भोंक कांठापर्यंत फाटून त्याची खांच होई आणि पातें मुठींतून सुटे. संग्रहालयांतून ठेवलेल्या अशा पात्यांपैकीं पुष्कळांच्या मागच्या बाजूला हीं फाटलेलीं भोंकें आजही दिसतात. कित्येक तर फाटल्यानंतर पुन्हां नवीं भोंकें पाडून वापरलेलीं आहेत. यांतील सर्वच लढाईंत फाटलीं असें म्हणतां येणार नाहीं, कारण हीं पातीं पुष्कळदां नद्यांत आणि दलदलींत देवतांना अर्पण केलेलीं सांपडतात, व अर्पण करण्यापूर्वीं मूठ मुद्दाम उखडण्याची चाल असणें शक्य आहे. पण पुन्हां पाडलेलीं भोंकें तरी देवाला द्यावयाच्या वस्तूवर कोणी पाडणार नाहीं.

एवढे कुशल कारागीर ही चूक कित्येक शतकें करीत राहिले, याचें नवल वाटतें. मला वाटतें, याचें कारण श्रमविभागांत आहे. पातें ओतणारा एक आणि मूठ बसविणारा दुसरा. पात्याच्या सौंदर्याची वाहवा पहिल्याच्या वांट्याला, आणि मूठ निसटली कीं शिव्या दुसऱ्याच्या!

ग्रीस देशांतही हाच प्रकार घडला होता. हाइन्रिख श्लीमान यानें १८७६ सालीं मायसीनी येथील राजांचीं थडगीं उकरलीं, तेव्हां निघालेल्या लांब तलवारींच्या मुठींवरील खिळ्यांना सोन्याच्या टोप्या होत्या. पण पात्याला मागें जें शेंपूट होतें तें आंखूड आणि अरुंद होतें, आणि पुष्कळ पातीं नेमकीं तेथेंच दगा देत. उपाय निघाला तो मध्य युरोपांत. तेथील ओताऱ्यांनीं पात्याच्या मागें मुठीएवढें लांबरुंद शेंपूट एकसंध ओतलें आणि त्याच्या दोन्ही कडा किंचित् उभ्या वळविल्या. आतां मूठ म्हणजे या शेंपटाच्या दोन अंगांना बसविलेल्या लांकडाच्या वा हाडाच्या दोन फळ्या. वाराचा सारा ताण शेंपटाच्या धातूंतूनच हाताला पोंचतो. खिळ्यांना एवढेंच काम उरतें कीं या फळ्या जागच्या हलूं द्यावयाच्या नाहींत. म्युनिकचे युलिउस नाउए यांनीं १९०३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत अशा तलवारींचे वर्ग पाडले. त्यांपैकीं दुसरा वर्ग त्यांच्याच नांवानें ओळखला जातो. ही तलवार इ.स.पूर्व १२०० च्या सुमारास ग्रीस, सायप्रस आणि भूमध्यसमुद्राच्या पूर्व कांठापर्यंत पसरली, आणि कांस्य जाऊन लोखंड आलें तरी तिची घडण कायम राहिली. खिळ्यांची संख्या कमी झाली नाहीं, वाढलीच. पण त्यांच्या डोक्यावरचें ओझें उतरलें. खिळ्यानें धरावें, वाहूं नये: हें तत्त्व हातांत यावयाला माणसाला हजार वर्षें लागलीं असें म्हटलें तरी चालेल.

आपल्याकडे त्याच कांस्य-ताम्रयुगांत या प्रश्नाचें एक अगदीं वेगळें उत्तर दिसतें. गंगा-यमुनेच्या खोऱ्यांत फत्तेगड, बिठूर इत्यादि ठिकाणीं तांब्याच्या हत्यारांचे जे साठे सांपडले, त्यांत मुठीचीं टोंकें कीटकाच्या मिशांप्रमाणें दोहोंकडे फाटलेल्या तलवारी आहेत. यांत पातें आणि मूठ एकाच ओतकामांत तयार झालेलीं. जोड नाहीं, म्हणून खिळाही नाहीं. महाराष्ट्रांत पुणें जिल्ह्यांत घोड नदीच्या कांठीं चांडोली येथें डेक्कन कॉलेजनें १९६०-६१ मध्यें केलेल्या उत्खननांत याच धर्तीचा फाटलेल्या मिशांचा एक तांब्याचा खंजीर मिळाला. प्रश्नच नाहींसा करून टाकण्याची ही युक्ति पहिल्यानें फार आकर्षक वाटते. पण तांब्याची ती नागडी मूठ हातांत धरून बघण्याची कल्पना केली म्हणजे तिच्यांतील अडचण कळते: घाम आला कीं ती निसरडी, उन्हांत तापलेली, आणि वाराचा हिसका तळहाताला जसाच्या तसा. कांहीं गुंडाळल्याखेरीज तिचा उपयोग होणें कठीण. जोड टाळला तरी हाताची गरज टळत नाहीं.

लोखंड आल्यावर काम सोपें झालें, कारण लोखंड ओतावें लागत नाहीं, ठोकून हवें तसें लांबवितां येतें. पात्याच्या मागें निमुळतें शेंपूट काढावयाचें, तें तापवून लांकडांत ठोकावयाचें, लांकूड फुटूं नये म्हणून तोंडाशीं एक शेंबी चढवावयाची, कीं मूठ तयार. आपल्या खेड्यांतला लोहार खुरपें आणि विळा असेच बसवीत आला आहे. यांत खिळा लागत नाहीं. तापलेलें शेंपूट लांकूड जाळून स्वतःच्या मापाचें घर करतें आणि थंड झाल्यावर त्यांत घट्ट बसतें. दुसरी रीत म्हणजे वर सांगितलेल्या रुंद शेंपटाची, दोन फळ्यांची. लंडन शहरांतील थेम्सकांठच्या उत्खननांत सांपडलेल्या मध्ययुगीन सुऱ्यांवरून असें दिसतें कीं तेथें शतकानुशतकें निमुळत्या शेंपटाचीच सुरी चालत असे. रुंद शेंपटाची सुरी चौदाव्या शतकांत आली आणि मग झपाट्यानें पसरली. विशेष असा कीं तींतले खिळे पुष्कळदां भरीव नसत. पितळेच्या पातळ पत्र्याची गुंडाळून केलेली ती नळी असे. भरीव खिळ्याचें टोंक ठोकून पसरवितांना खिळा मधोमधही फुगतो आणि हाडाची किंवा शिंगाची फळी आंतून तडकते. पोकळ नळी मात्र सहज वळते. ज्यानें हें प्रथम केलें त्यानें आधीं किती फळ्या फोडल्या असतील!

येथें खिळ्याच्या जागेबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. कोणतीही पट्टी वांकविली असतां तिची एक कड ताणली जाते, दुसरी दाबली जाते, आणि मधल्या रेषेवर ताणही नसतो व दाबही नसतो. म्हणून शेंपटाला भोंक पाडावयाचें तें या मधल्या रेषेवर. तेथें धातु काढून घेतली तरी बळ फारसें कमी होत नाहीं. तेंच भोंक कडेकडे सरकलें कीं आयर्लंडच्या पात्यांची गत. खिळा एकच असला तर फळी त्याभोंवतीं फिरूं पाहते. म्हणून निदान दोन हवेत. ते एकमेकांपासून जितके दूर तितके बरें, पण फळीच्या टोंकाच्या फार जवळ गेले तर लांकूड रेषेरेषेनें चिरतें. पात्याच्या मुळाशीं ताण सर्वांत अधिक, तेव्हां पहिला खिळा तेथून थोडा मागें. पेशावरकडच्या रुंद पाठीच्या सुऱ्या, इराणी पेशकब्ज, नेपाळांतील रुंद शेंपटाची ‘पनावल’ खुकरी, या सर्वांत कारागिरांनीं हा हिशेब कागदावर न मांडतां केलेला दिसतो. लंडनमध्यें तर या कामाचे चार वेगळे धंदे होते: पातें घडविणारा, मूठ बसविणारा, म्यान करणारा आणि हें सर्व एकत्र करून विकणारा. या शेवटच्या विक्या कारागिरांच्या संघाला पांचव्या हेन्रीनें १४१६ सालीं सनद दिली. सनद त्यालाच मिळाली, हें जगाच्या रीतीस धरूनच झालें.

आतांपर्यंतचे सर्व कारागीर जोड कायमचा करूं पाहत होते. जपानी लोकांनीं मात्र तो सुटावा असाच केला. जपानी तलवारीची मूठ मॅग्नोलियाच्या मऊ लांकडाची, तिच्यावर माशाचें खरखरीत कातडें आणि वर फितीचें वेटाळें. आणि ही सारी मूठ पात्याच्या शेंपटाशीं बांधून ठेवणारी वस्तु म्हणजे वेळूची एक लहानशी मेख. तिला ‘मेकुगी’ म्हणतात. धुराड्याशेजारीं वर्षानुवर्षें राहून काळा पडलेला जुना वेळू त्यासाठीं निवडतात. लोखंडाचा खिळा गंजून फुगतो, भोंक खातो, आणि मोडला तर एकाएकीं मोडतो; वेळूची मेख चिरली तरी तिचे धागे धरून राहतात, आणि जागा पडली तर दुसरी मेख घडीभरांत होते. लांकूड शेंपटाला सर्वांगानें घट्ट बसलेलें असल्यामुळें मेखेवर वाराचा भार येत नाहीं. मूठ पुढें घसरूं न देणें एवढेंच तिचें काम.

जोड सुटतो म्हणून जपानी तलवारीचें शेंपूट म्हणजे तिची जन्मपत्रिका झाली आहे. घडविणारा आपलें नांव मुठीखालीं झांकल्या जाणाऱ्या या भागावरच कोरतो. त्यावरचा गंज कधींही घासून काढीत नाहींत, कारण त्याच्या रंगावरून जाणते लोक पात्याचें वय ठरवितात. चौदाव्या शतकांत तेथें फार लांब तलवारी प्रचारांत होत्या. पुढें सोळाव्या-सतराव्या शतकांत पायीं लढणें वाढून आंखूड तलवार सोयीची झाली, तेव्हां जुन्या पात्यांचीं शेंपटें मागून कापून मूठ वर सरकविण्यांत आली. मूठ सरकली कीं भोंकही नवें. म्हणून एखाद्या शेंपटावर दोन किंवा तीन भोंकें दिसलीं तर समजावें, या पात्याचा धनी बदलला आहे, काळ बदलला आहे, लढण्याची रीत बदलली आहे. कापतांना कर्त्याचें नांव जाऊं नये म्हणून नांवाचा तुकडा मागें दुमडून ठेवल्याचीं, किंवा तेवढाच कापून नव्या शेंपटांत बसविल्याचींही उदाहरणें आहेत. ज्या समाजाला आपल्या कारागिराचें नांव इतकें मोलाचें वाटलें, त्याचा हेवा वाटावयाला हरकत नाहीं.

मग आपली तलवार? तिच्या मुठीसंबंधानें पाश्चात्य लेखकांनीं दोन आक्षेप वारंवार घेतले आहेत. पहिला, मूठ फार लहान. दुसरा, ती नुसती लाखेनें चिकटविलेली. पहिल्याचें उत्तर सोपें आहे: आपल्या तलवारीची मूठ सैल धरावयाची नसतेच. मागची वाटोळी चकती मनगटाला टेकते, पुढें आडव्या भुजा, आणि या दोहोंत मूठ आंवळून धरली म्हणजे हात मनगटांतून न वळतां खांद्यांतून फिरतो व वार ओढून कापणारा होतो. वांकड्या पात्याला तोच वार शोभतो. हाताला मोकळीक देणारी लांब मूठ या पात्याला लावली तर पात्याचा गुणच नाहींसा होईल.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. आपल्या तलवारीची मूठ सबंध लोखंडाची, आंतून पोकळ. पात्याचें आंखूड शेंपूट या पोकळींत घालून भोंवतीं वितळलेली राळ किंवा लाख भरतात. ती थंड झाली कीं शेंपूट दगडांत बसविल्यासारखें होतें. पुष्कळदां खिळा मुळींच नसतो. हें पाहून परकी लेखकाला तें काम कच्चें वाटतें. गंमत अशी कीं त्याच काळांत त्या लेखकाच्या घरच्या जेवणाच्या सुऱ्या शेफील्डहून येत, आणि त्यांचीं शेंपटेंही हस्तिदंताच्या मुठींत राळेनेंच बसविलेलीं असत. म्हणून तर सुऱ्या धुतांना मूठ कढत पाण्यांत बुडवूं नये अशी ताकीद तेथल्या गृहिणींना देण्यांत येई. परंतु आपल्या बाजूनें एवढेंच म्हणून भागणार नाहीं. लाखेच्या जोडांत एक मोठा गुण आहे. खिळा भार एका बिंदूवर घेतो. लाख तो शेंपटाच्या सर्व पृष्ठावर पसरवून देते. शेंपटाला भोंक पडत नाहीं, तेव्हां फाटण्याचा प्रश्नच उरत नाहीं. वाराचा हिसका थोडा लाखेंत जिरतो. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे मूठ विस्तवावर धरली कीं लाख मऊ होऊन पातें मोकळें होतें, आणि त्याच मुठींत दुसरें पातें, किंवा त्याच पात्याला दुसरी मूठ, एका दिवसांत बसवितां येते.

दख्खनच्या इतिहासांत या शेवटच्या गुणाला केवढें महत्त्व आहे! सोळाव्या-सतराव्या शतकांत पोर्तुगीज व इतर युरोपी व्यापाऱ्यांबरोबर जर्मनी, इटली, स्पेन येथलीं पातीं पश्चिम किनाऱ्यावर उतरूं लागलीं. तीं लांब, सरळ, चिवट असत. आपल्या भाषेनें त्यांची नोंद ठेवली आहे: ‘फिरंग’ हा शब्द मराठींत सरळ तलवारीलाच लागू झाला, आणि जर्मन पात्याला ‘आलेमानी’ म्हणूं लागले. युरोपी पातें येथें आलें तें बहुधा मुठीवांचून. मूठ येथल्या शिकलगारानें आणि लोहारानें चढविली. आपली परजेची, आपल्या हाताच्या मापाची. परकी वस्तु घेऊन ती आपल्या हाताला बसवावयाची तर जोड आपलाच असावा लागतो.

मात्र आपले कारागीर लाखेचे आंधळे भक्त नव्हते. वांकड्या, ओढून कापणाऱ्या तलवारीला त्यांनीं लाख पुरेशी मानली. पण लांब सरळ फिरंगेला व खांड्याला लाखेबरोबरच मुठीपासून पात्याच्या दोन्ही अंगांवर पुढें गेलेल्या पोलादी पट्ट्या लावल्या आणि त्या पात्यांतून आरपार खिळे घालून ठोकल्या. तरफ लांब झाली म्हणून जोडही पुढें नेला. दांडपट्ट्यांत तर मूठ हातभर बाह्या चढविल्यासारखी, आणि धरावयाचा दांडा पात्याला आडवा. पकड मुठीची, पण पातें सबंध बाहूचें. तेथें लाखेचें काम नाहीं. पातें पट्ट्यांमध्यें धरून खिळ्यांनींच पक्कें करतात. कट्यारीची मूठ आडवी असल्यामुळें भोंसकतांना जोर थेट मुठीवर येतो, खिळ्यांवर नाहीं. म्हणून मोडक्या फिरंगेचा तुकडाही कट्यारीला खुशाल लावतां येई. तंजावरच्या मराठे राजांच्या शस्त्रागारांतल्या अशा कट्यारी आज निरनिराळ्या देशांच्या संग्रहालयांत आहेत: मूठ दक्षिणेची, आणि पुढें खिळ्यांनीं जोडलेलें पातें युरोपचें. १८५५ सालीं तंजावरचें राज्य खालसा झालें, आणि पुढें तो शस्त्रसंग्रह फुटून इतस्ततः गेला.

या जोडाची किंमत इंग्रजांपैकीं एकाला तरी कळली होती. लुई नोलन हा घोडदळांतला अधिकारी हिंदुस्थानांत राहून गेलेला होता. निजामाच्या घोडेस्वारांच्या तलवारी किती भयंकर कापतात हें ऐकून त्यानें चौकशी केली, तेव्हां त्याला असें दिसलें कीं तीं पातीं मुख्यत्वें इंग्रज घोडदळानेंच टाकून दिलेलीं जुनीं पातीं आहेत! स्वारांनीं तीं घेऊन त्यांना वस्तऱ्यासारखी धार दिली, आपल्या पद्धतीच्या मुठी चढविल्या, आणि लोखंडी म्यानांत धार मरते म्हणून लांकडी म्यानांत ठेवलीं. पातें तेंच, पोलाद तेंच. इंग्रज शिपायाच्या हातांत तें बोथट ठरलें होतें. नोलननें ही हकीकत घोडदळावरील आपल्या पुस्तकांत लिहिली. तें १८५३ सालीं प्रसिद्ध झालें; पुढच्याच वर्षीं बालाक्लाव्हाच्या रणांत तो पडला.

त्याच १८५३ च्या नमुन्यानें ब्रिटिश स्वाराच्या तलवारीची मूठ बदलली. अरुंद शेंपूट जाऊन मुठीएवढें रुंद शेंपूट आलें आणि त्याच्या दोन अंगांना चामड्याच्या फळ्या खिळ्यांनीं बसविल्या गेल्या. म्हणजे नाउएच्या दुसऱ्या वर्गाची ती तीन हजार वर्षांपूर्वींची घडणच परत आली. जोड भक्कम झाला यांत शंका नाहीं. पण आतां मूठ पात्याशीं कायमची जडली. निजामाच्या स्वारानें जें केलें तें या तलवारीला करावयाचें तर आधीं खिळ्यांचीं डोकीं छिनून काढावीं लागलीं असतीं.

आज जुन्या तलवारी घरोघरीं आणि संग्रहालयांत आहेत, आणि कित्येकींची लाख शेंदोनशें वर्षांत सुकून मूठ खुळखुळूं लागली आहे. अशा वेळीं बाजारांतला एखादा रासायनिक डिंक आंत ओतून ती कायमची बसविण्याचा मोह पुष्कळांना होतो. तसें करूं नये. युरोपी पात्यावरचे छाप पुष्कळदां मुठीच्या अगदीं मुळाशीं, पट्टीखालीं झांकलेले असतात. शेंपूट येथें आल्यावर कापलें कीं मूळचेंच आंखूड होतें, तें पुन्हां केव्हां बदललें, आधींची लाख कोणत्या रंगाची होती, हें सर्व त्या पोकळींतच राहिलेलें असतें. जुनी लाख ऊब देऊन मऊ करतां येते. डिंक एकदां बसला कीं तें पातें त्या मुठींतून पुन्हां बाहेर येत नाहीं.